कोणाचं हाय ते

“बाई, एक सांगा. दादासाहेबाले सांगसान का मंग, कोणाचं हाय ते?”

आमच्या सालदाराने हे विचारलं तेव्हा मी अंगणात पांढऱ्या झाकणाचा प्लास्टिकचा डबा हातात धरून उभी होते. तुरी सोंगून, काढून झाल्या होत्या. एका बाजूला कुटाराचा ढीग, त्याची धूळ उन्हात तरंगत होती. तो ओट्याच्या खालच्या पायरीवर बसला होता. वरच्या पायरीवर तो बसत नाही. कोणी सांगितलेलं नाही, पण बसत नाही. मी म्हणाले, “पाहू.” बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. हो की नाही एवढंच विचारल्यावर वर्गात कोणी “पाहू” म्हटलं असतं तर मी त्याला उभं ठेवलं असतं. त्याने मला उभं ठेवलं नाही. मान हलवली आणि हात पुढे करून डबा घेतला. या गोष्टीला वर्ष होत आलं. इथे कोणाचंच नाव घालत नाही. भाच्याला ऑफिसातल्यांची धास्ती आहे. सालदाराला, नाव घालू का, असं मी विचारलेलंच नाही.

भाचा, म्हणजे सालदाराचे दादासाहेब, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा. पुण्यात कॉम्प्युटरवर काम करतो. तीन वर्षांपूर्वी त्याला संडासवाटे रक्त पडायला लागलं. मूळव्याध असेल म्हणून त्याने मेडिकलमधून मलम आणलं, कोणी इसबगोल सांगितलं, कोणी गुलकंद. शेवटी नळी घालून तपासलं तेव्हा मोठ्या आतड्यात आतून व्रणच व्रण. अल्सरेटिव्ह कोलायटिस. शरीराची राखण करणारी यंत्रणा आपल्याच आतड्यावर उलटते, आणि ती का उलटते याचं धड उत्तर अजून कोणाकडे नाही. मेसालामाइनच्या गोळ्या झाल्या, रात्री मागून घ्यायचा एनिमा झाला, मग स्टेरॉइड. स्टेरॉइडने त्याचा चेहरा पुरीसारखा फुगला. एका लग्नात बायका माझ्या बहिणीला म्हणाल्या, “पुणं मानवलं हो पोराला.”

आमच्याकडची पोरं पुण्याहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने निघतात आणि सकाळी गावात हजर होतात. आजारपणात हा ट्रॅव्हल्सने यायचा नाही. तीत संडास नसतो आणि ड्रायव्हर ढाब्याशिवाय थांबत नाही. हा रेल्वेने यायचा, डब्याच्या टोकाचा बर्थ पाहून, आणि बडनेऱ्याला उतरायचा. उपचाराआधीच्या खेपेला आला तेव्हा माझ्याकडे चार रात्री राहिला. आमचं संडास मागच्या अंगणात आहे, न्हाणीघराला लागून. त्याच्या खाटेपासून अठरा पावलं. हे त्यानेच मोजून मला सांगितलं. रात्री दोनला कडी वाजायची, मग चप्पल, मग बादलीत नळाची धार. पुन्हा वीस मिनिटांनी कडी. पुन्हा तीनला. मी अंधारात डोळे उघडे ठेवून ऐकत पडायचे. सकाळी तो म्हणायचा, “झोप लागली छान,” आणि मीही म्हणायचे, “हो रे, मलाही.”

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी विरजण लावत होते तेव्हा त्याने नवीन उपचाराचं काढलं. दूध कोमट झालं होतं, चमचा माझ्या हातात होता. एफएमटी, तो म्हणाला. बँकेतल्या ठेवीचं नाव घ्यावं तसं. मी पूर्ण नाव विचारलं तर फीकल मायक्रोबायोटा ट्रान्सप्लांटेशन. मराठीत सांग म्हटलं तेव्हा अडला. आपल्याकडे या वस्तूला शब्दांचा तोटा नाही, पण एकही शब्द स्वयंपाकघरात आणता येत नाही. बाळाची असली की शी, डॉक्टरसमोर संडास, भांडणात गू, आणि पाठ्यपुस्तकात विष्ठा. त्याने शेवटचा शब्द उचलला आणि भिंतीकडे पाहत सांगून टाकलं. निरोगी माणसाची विष्ठा घ्यायची, तिच्यात काही घातक नाही ना ते तपासायचं, मिठाच्या पाण्यात घोळून गाळायची आणि ते पाणी कोलोनोस्कोपीच्या नळीतून रुग्णाच्या आतड्यात सोडायचं. विष्ठा म्हणजे काही नुसतं उष्टं-खरकटं नव्हे, तिच्यात अब्जावधी जिवाणू असतात. या आजारात आतड्यातली वस्ती विस्कटलेली असते. बाहेरून नांदती वस्ती नेऊन सोडली तर काहींचा दाह थांबतो. काहींचा. हा शब्द त्याने स्वतःहून दोनदा म्हटला.

मी चमचा दुधात बुडवला, ढवळलं, झाकण ठेवलं. शेजारच्या घरून वाटीभर दही आणून आपलं लावतो, ते हेच, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं होतं. पण दुसऱ्या दिवशीचं ताक मी प्यायले नाही. बाकीचे प्यायले. त्यांना सांगितलं नव्हतं.

आमच्या यांना दोन दिवसांनी सांगितलं, तर ते पेपरमधून मान वर न करता म्हणाले, “म्हणजे जीवामृत.” मला आठवडा लागला असता तिथे पोचायला. आमच्या संत्र्याच्या बागेत निळ्या ड्रममध्ये ते करतात: दोनशे लिटर पाणी, दहा किलो गावरान गाईचं शेण, गोमूत्र, गूळ, बेसन आणि बांधावरच्या झाडाखालची मूठभर माती. बेलोऱ्याच्या सुभाष पाळेकरांची ही पद्धत आमच्या जिल्ह्यात तरी कोणाला समजावून सांगावी लागत नाही. त्यांचे सगळे दावे मला पटत नाहीत आणि आमचा खताचा खर्च काही शून्यावर आलेला नाही, पण त्या मूठभर मातीचं मला नेहमी नवल वाटायचं. बाकी सगळं किलोत आणि लिटरात, आणि ही एकच मूठ. माती मात्र जिथे औषध-खत कधी पडलं नाही अशाच जागेची हवी. गूळ-बेसन हे खाणं झालं. खाणाऱ्यांतले काही त्या मुठीतूनही येतात.

मग मी वाचायला लागले. निवृत्त मास्तरणीच्या हाती मोबाइल असला की ती काहीही वाचते. चौथ्या शतकात चीनमध्ये गे हाँग नावाचा वैद्य अन्नविषबाधेने मरणाला टेकलेल्या माणसांना विष्ठा कालवून पाजायचा. पुढच्या वैद्यांनी त्या काढ्याला पिवळ्या, सोनेरी रंगाची गोड नावं दिली. मला लगेच आपलं सोनखत आठवलं. माणसाच्या मैल्याचं खत ते सोनखत! तोंडात धरवत नाही म्हणून त्याला सोन्याचा वर्ख. १९५८ मध्ये अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात बेन आयझमन या सर्जनने जिवावर बेतलेल्या चार रुग्णांना असा एनिमा दिला आणि ते वाचले. पण तो आतड्याचा वेगळा आजार होता. भाच्याच्या आजाराची गोष्ट सुरू होते १९८९ मध्ये. जस्टिन बेनेट नावाचा डॉक्टर स्वतःच याचा रुग्ण होता, त्याने स्वतःवरच हे करून पाहिलं आणि गुण आला म्हणून ‘लॅन्सेट’मध्ये छापलं. सात वर्षं रक्त पडत असलेला माणूस किळस कुठे ठेवत असेल, असं मला आधी वाटलं. मग अठरा पावलं आठवली.

भाच्याने मला दोन अभ्यास पाठवले होते. पहिला कॅनडातला, २०१५चा. ३८ जणांना आठवड्याला एक याप्रमाणे सहा आठवडे खरा एनिमा दिला, ३७ जणांना नुसत्या पाण्याचा. खऱ्यातल्या ९ जणांचा आजार शांत झाला, पाण्यातल्या २ जणांचा. आणि त्या ९ पैकी ७ जणांना एकाच माणसाचं दिलेलं होतं. त्याची ओळख तिथे एका अक्षराने दिलीय: दाता बी. बस, एवढंच. तो कोण, काय करतो, काय जेवतो, वाचणाऱ्याला पत्ता नाही. दुसरा अभ्यास आपल्याकडचा, दिल्लीच्या एम्सचा, २०२२चा. ३५ जणांना सात आठवडे दर आठवड्याला नळीतून हे दिलं, जोडीला पाकीटबंद खाण्याला फाटा देणारं पथ्य. ३१ जणांना नेहमीची औषधं नीट बसवून दिली. आठ आठवड्यांनी इकडे २१ जणांना आराम, तिकडे १० जणांना. मी गणिताची बाई, मला आधी दिसले ते ३५ मधले उरलेले १४. शिवाय पथ्यही सोबत होतं, तेव्हा श्रेय कोणाला किती द्यायचं हाही प्रश्नच. पण भाच्याने भलत्याच दोन शब्दांखाली पिवळी रेघ मारली होती. दाते ग्रामीण भागातले होते.

फोनवर तो उत्साहाने म्हणाला, “मावशी, म्हणजे तुमच्याकडे आहेच की!”

आहे काय? त्याच्या डोळ्यांसमोर चुलीवरची भाकर, अंबाडीची भाजी, विहिरीचं पाणी. आमच्या शिवारात बोंडअळी आल्यापासून पाठीवरचे पंप किती वेळा भरले जातात ते त्याने पाहिलेलं नाही. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं मेली, ती सगळी भाकरच खात होती. पण मी त्याला हे बोलले नाही. इतक्या दिवसांनी त्याच्या आवाजात जीव आला होता. त्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की हा अजून नेहमीचा उपचार नाही. घरचं कोणी निरोगी असेल तर तपासू, नसेल तर आमच्याकडे दाते आहेत, पण घरी मिक्सर लावून हा उद्योग अजिबात करायचा नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये एकाच दात्याचं घेतलेल्या दोघांना औषधाला दाद न देणारे जंतू लागले आणि त्यातला एक दगावला, हेही त्यांनीच त्याला सांगितलेलं. त्याला घरचंच हवं होतं. त्याला स्वतःचा दाता बी हवा होता.

घरात शोधायला लागलो. यांना साखर आणि बीपी. मला पित्ताची गोळी, रोज सकाळी, वीस वर्षं. दिराला बद्धकोष्ठ आणि खर्रा. जाऊबाईंना थायरॉइड. पुतण्या निरोगी दिसतो, पण महिन्यातून चार वेळा अमरावतीला जाऊन काय काय खातो-पितो ते तोच जाणे. दवाखान्याचा कागद पुढ्यात ठेवून आम्ही एकेक नाव खोडत होतो. मग सगळे गप्प झालो, आणि कोणी काही न बोलता आमच्या नजरा गोठ्याकडे गेल्या. चाळिशीचा माणूस. गुढीपाडव्याला साल धरलं त्याला अकरा वर्षं झाली, पोट दुखतं म्हणून एक दिवस घरी राहिलेला आठवत नाही.

आता जे लिहायचं ते लिहिते. त्या रात्री बहिणीचा फोन आला. माणूस मिळाला म्हटल्यावर ती रडलीच. मग नाक ओढत म्हणाली, “कोण गं?” मी म्हटलं, आमच्याकडचाच एक. ती थोडी थांबली. म्हणाली, “आपल्यातलाच ना?” पोटच्या पोराच्या आतड्यात परक्या माणसाची विष्ठा सोडायची हे तिला चाललं होतं. त्या विष्ठेची जात काय, एवढंच तेवढं राहिलं होतं. आणि मी, सावित्रीबाईंच्या जयंतीला दर वर्षी पोरांपुढे भाषण करणारी, म्हणाले, “घरचाच आहे गं.” खोटंही नाही आणि खरंही नाही, असं वाक्य शोधायला मला एक क्षणही लागला नाही.

आमच्या गोठ्यात खुंट्यांच्या वर एक कोनाडा आहे. त्यात एक कप असतो, कान तुटलेला, निळ्या फुलांचा. सासूबाई होत्या तेव्हापासून तो तिथे आहे. त्या त्यात वरून चहा ओतायच्या. त्या गेल्यावर मी पहिल्याच आठवड्यात सालदाराला घरातल्या कपात चहा दिला, तर चहा पिऊन त्याने कप धुतला आणि पालथा घातला. कुठे? त्या कोनाड्यात. मग मीही जोर केला नाही. आम्ही म्हणतो, त्याचा कप आहे तो. जसा यांचा स्टीलचा पेला आहे, तसा त्याचा कप. असं म्हणता येतं.

तर दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन अंगणात गेले. मी घुटमळत, वळणं घेत सगळं सांगितलं. तो आधी नीट ऐकत होता, मग हसायला लागला, आणि त्याला ते हसू आवरेना. “बाई, तवा फूल देलं व्हतं तुमी मले. आता डबा घेऊन आल्या!”

मी विसरले नव्हते, तो विसरला असेल असं मात्र धरून चालले होते. हागणदारीमुक्तीच्या दिवसांत गुड मॉर्निंग पथकात आम्हा शिक्षकांचीही ड्युटी लागायची. पहाटे पाचला पांदणीवर शिट्टी घेऊन उभं राहायचं. टमरेल घेतलेला माणूस दिसला की शिट्टी वाजवायची, आणि वरून आदेश आला तेव्हा शिट्टीऐवजी गुलाबाचं फूल द्यायचं, म्हणजे त्याला लाज वाटेल. गाडगेबाबांचा जिल्हा आमचा. त्यांनी गावाची घाण काढायला झाडू स्वतःच्या हातात धरला. आम्ही फूल दुसऱ्याच्या हातात दिलं. धुक्यात एक माणूस बाभळीमागून उठला, मी पुढे होऊन फूल धरलं, आणि तो आमचाच सालदार. एका हातात टमरेल, दुसऱ्या हातात गुलाब. त्याने ते फूल घरी नेऊन देवाला वाहिलं असं त्याची बायको नंतर सांगत होती. पुढे बारा हजारांचं अनुदान मिळून संडास झालं, त्यात दोन वर्षं सरपण राहिलं.

हसणं थांबल्यावर पैशांचं मीच काढलं. “पैसे कायले? हे काय इकाची चीज हाय?” आणि मग त्याने तो प्रश्न विचारला.

कागद भरायला आम्ही तिथेच पायरीवर बसलो. मी वाचायचे, तो सांगायचा. परदेशात गेला होतात का? “बाई, मी नागपूरलेच दोन डाव गेलो.” सहा महिन्यांत गोंदवून घेतलं का? त्याने मनगटावरचं हिरवं पुसट गोंदण पुढे केलं. आईने लहानपणी जत्रेत काढून घेतलेलं. घरात कोणाला आतड्याचा कर्करोग? माहीत नाही, बाप पोटानेच गेला, पण तपासलं कोणी होतं? दिवसातून किती वेळा जाता? एक. त्यासोबत सात चित्रांचा तक्ता होता, सुट्या लेंड्यांपासून ते नुसत्या पाण्यापर्यंत. भाचा त्यातल्या चौथ्या चित्राबद्दल लोक हिमालयाबद्दल बोलतात तसं बोलतो. सालदाराने तक्ता उन्हाकडे धरला, एकदा पाहिलं आणि चौथ्यावर बोट ठेवलं. “हे. रोजचं.” माझा गळा दाटून आला. कशाने दाटून यावा याला काही धरबंध नाही.

मग ॲन्टीबायोटिकचा प्रश्न आला. तीन महिन्यांत घेतलं का? म्हणजे काय, त्याने विचारलं. जखम चिघळली तर देतात ती गोळी. “नाई,” तो म्हणाला. मग थोड्या वेळाने, “ते तुरीचं धसकट गेलं व्हतं पायात, तवा डाक्टरनं इंजेक्शन देलं. अन् ह्या.” घरी जाऊन त्याने देवाच्या फोटोमागची पट्टी आणली. सहा गोळ्यांची चंदेरी पट्टी, चार घरं फुटलेली, दोन भरलेली. मागे बारीक अक्षरात अमॉक्सिसिलिन. तीन आठवड्यांपूर्वीच्या. उरलेल्या दोन कामात येतील म्हणून जपून ठेवल्या होत्या. मी दवाखान्यात फोन केला. तिथली मुलगी गोड आवाजात म्हणाली, शेवटच्या गोळीपासून तीन महिने थांबा, मग पाहू. भाच्याचं हिमोग्लोबिन आठवर आलं होतं. तीन महिने नव्हते.

“म्हंजे मी नापास?” तो म्हणाला.

मी नाही-नाही म्हणत राहिले. पण मनातून मला सुटल्यासारखं वाटलं. बहिणीला काय सांगायचं, भाच्याला काय सांगायचं, सगळं एका पट्टीने मिटवलं होतं. इतका हलका श्वास मी किती दिवसांत घेतला नव्हता, आणि तो घेताना सालदार माझ्याकडेच पाहत होता.

भाच्याला दवाखान्यातल्या दात्यांचं मिळालं, आठवड्याला एकदा, सात वेळा. तिसऱ्या खेपेनंतर रक्त थांबलं. पावसाळ्यात पंधरा दिवस पुन्हा सुरू झालं, मग परत आटोक्यात. गोळ्या चालूच आहेत, बिस्किटाला तो हात लावत नाही. आता दिवसातून दोन-तीन वेळा जातो. हे उपचाराने, पथ्याने की नशिबाने, डॉक्टर छातीठोकपणे सांगत नाहीत आणि मीही विचारत नाही. कोणाचं होतं ते सांगायचं नाही असा तिथला नियम. आसपासच्या खेड्यांतले चार-पाच जण, एवढंच त्याला कळलंय. दिवाळीला ट्रॅव्हल्सने आला, रात्रभर एकदाही न उतरता. सकाळी अंगणात चहा पिताना म्हणाला, “मावशी, तुमच्या त्या माणसाचं काय झालं होतं गं? कोण होता?” मी म्हटलं, “होता एक. गोळ्या चालू होत्या त्याच्या.” तेव्हा तो माणूस दहा हातांवर बैलांना पाणी दाखवत होता.

परवा खुरपं शोधायला गोठ्यात गेले. कोनाड्यात कप होता, पालथा, आणि कपाशेजारी पांढऱ्या झाकणाचा डबा. मी उचलून हलवला तर आत काहीतरी खुळखुळलं. झाकण फिरवलं, राखेचा वास आला, राखेत घोळलेलं बी. तेवढ्यात तो कुटाराचं टोपलं घेऊन आत आला. “बियाले लई चांगला हाय, बाई. हवा नाई लागत. दादासाहेब कसे हायत?”

“बरे आहेत.”

“भेटलं मंग त्याइले?”

“भेटलं.”

त्याने टोपलं खाली ठेवलं. “अन् मायं? माया इचार केला व्हता, हे सांगतलं का त्याइले?”

मी डब्यात पाहत होते. दोन बोटांनी राख बाजूला केली. “बी कशाचं आहे?” मी विचारलं.

“चवळीचं,” तो म्हणाला, आणि बैलांपुढे कुटार टाकायला वळला.